माठाजवळची डबी

आजकाल माझा मोबाइल दिवसभर गप्प असतो. त्याच्या गप्प बसण्याचं मला इतकं अप्रूप आहे की मध्येच उचलून बघते, बिघडला तर नाही ना. बिघडलेला नसतो. अकोल्याला आई ठीक असते, इथे अमरावतीला मी ठीक असते, आणि सांगण्यासारखं काही नसतं. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात असं नव्हतं. तेव्हा हा मोबाइल उठताबसता बोंबलायचा आणि त्याच्या बोंबलण्यापायी आईचं घर सुटायची वेळ आली होती.

आई अकोल्याला एकटी राहते. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा, मागे न्हाणी आणि मागचं दार. जन्मभर ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. शेवटची बरीच वर्षं बार्शीटाकळीला रोज बसने जाऊन-येऊन नोकरी केली. बाबा गेल्यावर पुण्याहून दादा म्हणाला, माझ्याकडे चल. मी म्हणाले, माझ्याकडे चल. तिने दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्याकडं मी पाहुनी. अथी मी मालकीन. पाहुन्यानं किती दिवस राहावं?"

आम्ही विषय सोडून दिला. पण त्या मे महिन्याआधीच्या हिवाळ्यात तिला स्वयंपाकघरात चक्कर आली. हाड मोडलं नाही, डोक्याला लागलं नाही, पण सकाळी दूधवाला येईपर्यंत ती भिंतीला टेकून फरशीवरच बसून होती. आम्हाला हे कळलं आठवड्याने, तेही शेजारच्या काकांकडून. आईला विचारलं तर म्हणते, "बसली होती जराशी. माणसानं बसू नाही काय?"

दादाचं म्हणणं सरळ होतं. आता पुणे. मी त्याला म्हणाले, मला एक उन्हाळा दे.

कल्पना सासरची. माझं सासर वरूडचं, संत्र्याची बाग आहे. दिरांनी बागेत मातीची ओल मोजणारे सेन्सर रोवले होते. झाडाला पाणी हवं झालं की त्यांना घरबसल्या मोबाइलवर कळायचं. ते बघून परत येताना बसमध्ये माझ्या डोक्यात एकच घोळत होतं: संत्र्याच्या झाडाची तहान कळते, तर माझ्या आईचं का कळू नये? मी शाळेत विज्ञान शिकवते. एवढं तरी आपल्याला जमायलाच हवं, असा थोडा अहंकारही होता. नवरा म्हणाला, "सासूबाईंनाच बागेत लाव, म्हणजे एकाच खर्चात होईल." मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

व्हिडिओ बघून बघून मी अकोल्याच्या घरात दोन डब्या बसवल्या. एक स्वयंपाकघरात, काडेपेटीपेक्षा जराशी मोठी, खिळ्याला अडकवलेली. समोर कुणी हललं की तिला कळायचं. शिवाय तापमान किती, हवेत दमटपणा किती, उजेड किती, बॅटरी किती उरली आणि वाय-फाय नीट मिळतो की नाही, हेही ती सांगायची. तिच्या तोंडावर तापमानाचे बारीक आकडे दिसत. दुसरी डबी मागच्या दाराला. दार उघडलं की मिटलं आणि स्वतःची बॅटरी, एवढंच तिला ठाऊक. दोघींचे निरोप इंटरनेटवरून माझ्या घरातल्या जुन्या लॅपटॉपवर यायचे. कॅमेरा लावायचा नाही, हे आईनं आधीच बजावलं होतं. "तो डोया अथी लावशीन, त मी त्याच्यावर टोपलं झाकीन."

खरी गोची निरोपात होती. स्वयंपाकघरातली डबी सगळं एका दमात सांगायची. तापमान, दमटपणा, हालचाल, उजेड, बॅटरी, वाय-फाय, सगळं एकाच ओळीत, एकामागे एक. तसं हे मला नवं नव्हतं. आईचा फोनही असाच असतो. नळ आला नाही, कैऱ्या महागल्या, काकूंच्या सुनेला मुलगी झाली, गुडघा दुखते, तू जेवली काय, ठेवते. ऐकणाऱ्याने त्यातलं महत्त्वाचं आपलं आपण वेचायचं.

मी नवशिकी. मी वेचलं नाही. सबंध ओळीवरच पहारा बसवला. त्या ओळीत काहीही वेडंवाकडं दिसलं, किंवा ओळ यायचीच थांबली, की माझ्या आणि दादाच्या मोबाइलवर एकच इशारा वाजायचा: "आईच्या घरी गडबड". कसली गडबड, कुठे गडबड, काही नाही. घरात मांजर शिरलं काय आणि दरोडा पडला काय, आमच्यासाठी सगळं सारखंच.

पहिल्यांदा इशारा वाजला तेव्हा वीज गेली होती आणि त्यामुळे वाय-फाय बंद पडला होता. आम्हाला ते काय माहीत! आई फोन उचलत नव्हती. आईच्या घराची एक किल्ली शेजारच्या काकांकडे असते. ते एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर झालेत. ते बिचारे किल्ली घेऊन धावले. आई न्हाणीत होती. आतून ओरडली, "मले आंघोय तरी करू देसान का नाही?" काका ओट्यावरूनच परत फिरले आणि दोन दिवस त्यांनी तिच्याकडे मान वर करून बघितलं नाही.

दुसरा इशारा बॅटरीचा होता. तिसऱ्याने मात्र कळस केला. ज्या व्हिडिओवरून मी सगळं शिकले तो करणारा माणूस कुठल्यातरी थंड मुलखातला असावा. त्याने सांगितलं होतं, घरातलं तापमान चाळीसच्या वर गेलं म्हणजे आग समजा. मी मुकाट्याने तसंच लिहिलं. चाळीस! अकोल्यात मे महिन्यात चाळीसला लोक म्हणतात, आज जरा बरं आहे. मी त्या मातीतली, आणि माझ्याही लक्षात आलं नाही. भर दुपारी मोबाइल किंचाळायला लागला. पुण्याहून दादाने मला न विचारता थेट काकांना फोन लावला, "आईकडे आग लागलीय!" काका पाण्याने भरलेली बादली घेऊन पळाले. अकोल्यात मे महिन्यात भरली बादली कुणासाठी उचलणं म्हणजे काय, ते आठ-आठ दिवस नळाची वाट बघणाऱ्यालाच कळेल.

आई कैरीचं पन्हं करत होती.

"वयनी, कोठी लागली आग?" काकांनी धापा टाकत विचारलं.

"तुमच्या पुतनीच्या डोक्यात," आई म्हणाली आणि त्यांना पन्हं दिलं.

संध्याकाळी दादाचा फोन आला. तो ओरडला नाही, हेच वाईट होतं. "आता आणखी एक इशारा वाजू दे," तो म्हणाला, "मी गाडीत बसतो आणि आईला घेऊन येतो. घराला कुलूप. शेजाऱ्यांना किती दिवस पळवायचं?" त्याच्यावर चिडायला जागा नव्हती, कारण तो घाबरून बोलत होता. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझ्या त्या यंत्राने आमची गत केली होती. उंटावरून शेळ्या हाकायला निघाले होते मी, आणि शेळ्या पांगल्या होत्या.

मी आईला फोन करून दादाची अट सांगितली. मला वाटलं, आता ती दोघांनाही फैलावर घेईल. ती एवढंच म्हणाली, "मंग तुही डबी नीट कर," आणि फोन ठेवला. नळ नाही, कैऱ्या नाहीत, गुडघा नाही. मला फार भीती वाटली.

शाळेला सुट्टी होती. दुपारी कूलर लावून मी लॅपटॉपसमोर बसायला लागले. करायचं होतं ते ऐकायला सोपं: त्या एका ओळीचे सहा सेन्सर करायचे. प्रत्येकाला नेमून द्यायचं की आलेल्या निरोपातून आपला तेवढा शब्द उचल, बाकीकडे ढुंकूनही बघू नकोस. तापमानवाल्याने तापमान उचलावं, हालचालवाल्याने हालचाल, बॅटरीवाल्याने बॅटरी. दाराच्या डबीचेही असेच दोन. मग प्रत्येकाचा नियम वेगळा आणि प्रत्येकाची ओरड वेगळी. आगीची हद्द चाळीसवरून बरीच वर नेली. बॅटरी संपत आली तर फक्त मला कळवायचं, आणि तेही हळू आवाजात.

ऐकायला सोपं असलेलं काही करायला सोपं नसतं. आधी प्रोग्रॅम लिहिताना एखादा कंस सुटायचा आणि सगळं मुसळ केरात. कंस जुळले तर नवीनच फजिती. ही डबी काही वेळा अर्धाच निरोप पाठवायची. समोरून कुणी गेलं की घाईघाईत "हालचाल" एवढंच म्हणून गप्प. मग बाकीच्या पाच सेन्सरना आपला शब्द सापडायचा नाही आणि ते पाचही जण तोंड पाडून "माहीत नाही" म्हणून बसायचे. एक माणूस स्वयंपाकघरात शिरला की तापमान गायब, उजेड गायब, बॅटरी गायब! यावर दोन दुपारी गेल्या. शेवटी प्रत्येकाला सांगितलं, बाबा रे, तुझा शब्द आला नसेल तर आधीचा धरून बस. तेव्हा कुठे ते ताळ्यावर आले.

आणि एकदा का ते वेगळे झाले, तसं मला घर दिसायला लागलं. एकाखाली एक अशा रेघा. सकाळी उजेडाची रेघ चढते. त्याआधीच हालचालीची उठलेली असते, कारण आई अंधारात उठते. दूध तापलं की दमटपणा जरा वर. मागचं दार उघडतं, मिटतं. ती तुळशीला आणि मोगऱ्याला पाणी घालून येते. जुन्या व्यवस्थेत दाराच्या उघडण्यावर लगेच बॅटरीचा निरोप येऊन पडायचा आणि दाराचा पत्ताच लागायचा नाही. आता दार आपल्या जागी होतं. मी नवऱ्याला बोलावून दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "वा! म्हणजे आता गडबड झाली तर कोणती ते कळेल." त्याच्या तोंडून एवढं कौतुक म्हणजे खूपच झालं.

तीन-चार दिवस रेघा चालू दिल्या आणि मग एका सकाळी हालचालीचा नियम लावला: दिवसा बराच वेळ स्वयंपाकघरात कुणी हललं नाही, तर मला आणि दादाला कळव. चक्कर येऊन आई पुन्हा कुठे पडली तर, त्यासाठी सगळा खटाटोप होता.

त्याच दुपारी इशारा वाजला: "स्वयंपाकघरात हालचाल नाही."

मी आईला फोन केला. वाजून वाजून थांबला. पुन्हा केला. काकांना केला, तेही उचलेनात. तेव्हा आठवलं, ते नातलगाच्या लग्नाला दर्यापूरला जाणार होते. इतक्यात दादाचा आला. "बास," तो म्हणाला. "मी रात्रीची गाडी बघतो. उद्या आई माझ्यासोबत येईल." मागून त्याने आणखी काही म्हटलं, ते मला ऐकू आलं नाही, कारण माझ्या डोळ्यांसमोर ती फरशी होती आणि भिंतीला टेकून बसलेली आई होती.

"दादा, थांब जरा. मला बघू दे," मी म्हणाले. फोन चालूच ठेवला आणि लॅपटॉप उघडला.

हालचालीची रेघ सकाळभर नेहमीसारखी उड्या मारत होती आणि अकराच्या सुमारास एकदम सपाट झाली होती. पण मग मी तापमान बघितलं. ते त्याच वेळी उतरायला लागलं होतं. उतरायला! सबंध अकोला भट्टीसारखं तापलेलं असताना त्या डबीला गार वाटत होतं. दमटपणा चढला होता. उजेड शून्य, भर दुपारी. वाय-फाय एकदम क्षीण.

एका ओळीत हे सगळं आलं असतं तर मी नुसती किंचाळले असते. वेगवेगळं समोर होतं म्हणून एकेकाला विचारता आलं. डबीबाई, तू कुठे आहेस? अंधारात. गार जागी. ओलाव्यात. आणि मे महिन्यातल्या दुपारी अकोल्याच्या त्या घरात अंधारी, गार, ओली अशी एकच जागा आहे, हे मी डोळे मिटून सांगू शकते. स्वयंपाकाच्या ओट्याखाली, कोपऱ्यात, माठाच्या मागे. लहानपणी मी तिथे काकडी लपवून ठेवायची.

"दादा, डबी खिळ्यावर नाहीये," मी म्हणाले. "कुणीतरी माठामागे ठेवलीय."

"कोण ठेवेल?"

"आईशिवाय आहे कोण! थांब." मी आदल्या दिवसाच्या रेघा काढल्या. त्याच्या आदल्या दिवसाच्या. रोज हेच. अकराच्या सुमारास डबी अंधारात जायची आणि ऊन उतरलं की परत उजेडात यायची. नियम आजच लावला होता म्हणून आजच बोंब झाली. मग दाराची रेघ बघितली. डबी अंधारात गेल्यावर थोड्या वेळाने मागचं दार उघडलं होतं, मिटलं होतं, आणि त्यानंतर उघडलं नव्हतं.

"ती पडली नाहीये, दादा. ती मागच्या दाराने बाहेर गेलीय. स्वतःच्या पायांनी."

"या उन्हात? कुठे?"

ते मला माहीत नव्हतं. तेवढ्यात काकांचा फोन आला. मागे बँड वाजत होता. आई कुठे आहे, मी ओरडून विचारलं. "वयनी ना?" ते बँडवर आवाज चढवून म्हणाले. "अवं, त्या त विहारात असतीन. रोज दुपारी जातेत. तुमाले सांगतलं नाही काय? आमची मंडळी बी तथीच हाय. थांबा, तिचा नंबर देतो."

काकूंनी फोन उचलला. मागून पेटीचा सूर आणि दहाबारा बायकांचे आवाज. मग आईचा आवाज, जरा चिडका, "काय झालं व?"

माझा जीव भांड्यात पडला, असं म्हणायची पद्धत आहे. माझा नुसता पडला नाही, चांगला खणकन वाजला.

"तू कुठी हाय, आई?" मी विचारलं.

"गाणे बसवून राहिलो आमी, बुद्धपौर्णिमेचे. अथी नवीन कूलर लावला न. काहून?"

"भर उन्हात गेली?"

"ऊन कोठी हाय? मागच्या दारातून निंगलं का विहार. डोक्याले वला दुपट्टा हाय. तुले सांगतलं असतं त तू जाऊ देली असती काय?"

"फोन काहून नाही नेला?"

"मधात फोन वाजते त बाया कावतेत. आत्ता कावून राहिल्या पाह्य. ठेव."

तिने ठेवला. दादा दुसऱ्या लाइनवर अजून थांबला होता. "आहे," मी त्याला म्हणाले. "गाणी म्हणतेय." "काय करतेय?" "गाणी, दादा. पेटीवर." आणि मी रडायला लागले, तो हसायला लागला, आणि मग आमची अदलाबदल झाली.

पण तो दादा आहे. हसून झाल्यावर म्हणाला, "ते ठीक. पण डबी माठामागे लपवायची, फोन घरी ठेवायचा आणि उन्हात निघून जायचं, याला काय म्हणायचं? असं असेल तर तुझ्या डबीचा उपयोग काय? उद्या तू जाऊन बघ. मग मी ठरवतो." गाडीचं तिकीट काढायचं त्याने फक्त लांबवलं होतं. मलाही आतून राग आलाच होता. इतकं करून ही बाई डबी लपवते!

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने निघाले. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला. वाटभर मी भांडणाची वाक्यं जुळवत होते. आईने दार उघडलं, माठातलं पाणी दिलं, भाकर-ठेचा वाढला. भांडण मी जेवणानंतर ठेवलं. डबी खिळ्यावर शहाण्यासारखी लटकत होती. मी म्हटलं, बघूच.

अकरा वाजत आले तशी आई उठली. मी पुढच्या खोलीतून बघत होते. तिने चष्मा लावला आणि डबीच्या तोंडावरचे आकडे वाचले. "झाला पाह्य, एक्केचायीस," ती स्वतःशीच म्हणाली. मग बाबांच्या जुन्या पांढऱ्या दुपट्ट्याचा एक तुकडा ओला केला. पिळला, पुन्हा पिळला, झटकला. डबी खिळ्यावरून काढली, दोन्ही हातांनी, आणि त्या तुकड्यात गुंडाळली. टोपलीतून एक लहान कांदा घेतला, तोही तिच्या शेजारी ठेवला. गाठोडं बांधलं आणि वाकून, गुडघा सांभाळत, माठामागे सरकवलं.

"आई," मी दारातून म्हणाले, "हे काय करून राहिली?"

ती दचकली नाही. "काय म्हंजे? ऊन लागते हिले."

"यंत्र आहे ते!"

"मंग यंत्राले ऊन लागत नाही काय? तुह्या दादानंच मले व्हिडिओ धाडला होता, उन्हात ब्याटरी फुटते म्हनून. अन् एक्केचायीस ताप असलेला पेशंट मी असाच टांगून ठेवू? चायीस वर्सं नोकरी काय उगीच केली मी?"

"आणि हा कांदा?"

"कांदा ऊन ओढून घेते," ती म्हणाली. जिने जन्मभर उष्माघाताच्या रोग्यांना सलाइन लावलं आणि त्याच वेळी आपल्या अॅप्रनच्या खिशात कांदा ठेवला, तिच्याशी यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

मला हसू फुटलं. पण ती हसत नव्हती. माठावरचं झाकण सारखं करत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तू म्हनली होती न, आता पुन्हा काही झालं त दादा नेईन मले. म्या सांगतलं तुले, डबी नीट कर. तू तथून नीट करून राहिली. पन उन्हात ही मेली असती, त अथून कोन पाहिन? ही गेली का मी पुन्याले."

मी जुळवून आणलेली सगळी वाक्यं तिथेच राहिली. मला वाटत होतं ती डबी लपवतेय. ती तर आपलं घर वाचवत होती, तिला येत होतं त्या पद्धतीने, ओल्या फडक्याने. आणि त्याच फडक्यात डबीचे डोळे बांधले जात होते. मी तिला मिठी मारली. आमच्याकडे अशी पद्धत नाही, त्यामुळे तिने थोडा वेळ सहन केलं आणि मग म्हणाली, "सोड, घाम येऊन राहिला."

मी दादाला व्हिडिओ कॉल लावला आणि काही न बोलता मोबाइल माठामागे नेला. गाठोडं सोडून दाखवलं. डबी. कांदा. आई का करत होती तेही सांगितलं, तिच्याच शब्दांत. तो चष्मा काढून पुसायला लागला. पुण्यात वीस वर्षं काढून त्याची भाषा आता आमच्यापेक्षा धुतलेली झाली आहे, पण त्या वेळी तो म्हणाला, "आई, तू कुठीच जाऊ नको व. अथीच राह्य."

"मी कोठी चालली होती?" आई म्हणाली. "तूच नेऊन राहिला होता."

मग आमचा तह झाला. दुपारी विहारात जायचं, पण फोन सोबत न्यायचा, मुका करून. जाताना ती कांदा ठेवते त्या पिशवीत तोही मावतो. डबीला फडकं नाही. ती पन्नासपर्यंत तापली तरी तिला काही होत नाही, हे मी आईला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिने मान हलवली, पण कांदा मात्र खिळ्याजवळच्या फळीवर राहील म्हणाली. तेवढं मी मान्य केलं. डबी तिने स्वतःच्या हाताने पुन्हा खिळ्याला लावली.

निघायच्या आधी तिने माझा मोबाइल मागितला. "दाखव मले ते तुह्या रेघा."

मी एकेक दाखवली. हे तापमान, हा उजेड, ही बॅटरी, हे मागचं दार. ती चष्मा वरखाली करत बघत होती. "अन् याच्यात मी कोनती?"

मी हालचालीच्या रेघेवर बोट ठेवलं. ती सपाट होती. आई जरा वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग डबीसमोर गेली आणि रस्त्यापलीकडून कुणाला हाक मारावी तसा हात वर करून हलवला. रेघ टपकन वर उठली.

"हे मी?"

"हो."

ती थांबली. रेघ खाली बसू दिली. मग पुन्हा हात केला. रेघ पुन्हा उठली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं.

तेव्हापासून रोज सकाळी, अंधार असतानाच, त्या रेघेवर दोन उड्या दिसतात. एक आत शिरताना. मग दूध गॅसवर ठेवण्याइतका वेळ, आणि मग दुसरी. दुसरीचं काही काम नसतं. ती आमच्यासाठी असते. दादाने तेवढ्यापुरता आपल्या मोबाइलवर एक बारीक आवाज लावून घेतला आहे, आणि पुण्यात बसून तो त्याची वाट बघतो, हे वहिनीने मला सांगितलं.

आजही मी उठून मोबाइल बघितला तर दादाचा निरोप माझ्या आधी येऊन पडला होता. एकच ओळ, त्यात दुसरं काही नाही: "आईने हात केला." मी चहा ठेवायला उठले.